लेझर पॉइंटर: घेण्यापासून टाकून देण्यापर्यंत

लेझर पॉइंटरबद्दल दोनच गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. त्याच्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबायचं नाही, आणि तो किती भगभगीत दिसतो यावरून त्याची ताकद ठरवायची नाही. पुढचं सगळं या दोन गोष्टींतूनच निघतं.

आकड्यावर का विसंबायचं नाही? अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयएसटीने, १२२ पॉइंटर मोजून २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. हिरव्या पॉइंटरपैकी जवळपास ९० टक्के आणि लालपैकी सुमारे ४४ टक्के तिथल्या नियमात बसले नाहीत. तिथे पॉइंटरला ५ मिलिवॉटची (मिलिवॉट म्हणजे झोताच्या शक्तीचं माप) मर्यादा आहे. आपल्याकडे मुंबईत लॅमिंग्टन रोडला, मनीष मार्केटमध्ये किंवा ऑनलाइन मिळणारा माल बहुतेक आयातच असतो, त्यामुळे आपल्या हातात येणारा नग याहून चांगला असेल असं मानायला काहीच आधार नाही.

मिलिवॉट आणि वर्ग

लेझरच्या सुरक्षिततेचं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०८२५-१ आहे. भारतीय मानक ब्युरोचं आयएस १४६२४ त्याच धर्तीवर आहे. पॉइंटर घेणाऱ्याला त्यातले चार वर्ग माहीत असले की पुरतं.

वर्ग २ म्हणजे डोळ्याला दिसणारा प्रकाश, १ मिलिवॉटपर्यंत. चुकून डोळ्यात गेला तर माणूस साधारण पाव सेकंदात पापणी मिटतो किंवा मान वळवतो, आणि तेवढ्या वेळात इजा होणार नाही, असा यामागचा हिशोब आहे. वर्ग ३आर म्हणजे ५ मिलिवॉटपर्यंत. इथे इजेची शक्यता कमी असली तरी शून्य नाही. वर्ग ३बी म्हणजे ५०० मिलिवॉटपर्यंत. हा थेट डोळ्यात गेला तर पापणी मिटायच्या आतच नुकसान होऊ शकतं. वर्ग ४ म्हणजे ५०० मिलिवॉटच्या वर. तो कातडी भाजतो, कागद पेटवतो, आणि जवळच्या भिंतीवर पडलेला त्याचा ठिपका बघणंसुद्धा घातक ठरू शकतं.

शाळेत फळ्यावर दाखवायला, ऑफिसच्या प्रेझेंटेशनला किंवा मांजरीशी खेळायला वर्ग २ पुरतो. आकाशदर्शनाला अंधाऱ्या जागी ५ मिलिवॉटचा हिरवा भरपूर होतो. हातात धरायच्या ३बी किंवा ४ वर्गाच्या लेझरचं घरगुती काम काहीच नाही. ‘दहा किलोमीटर जातो’, ‘माचिस पेटवतो’ अशी जाहिरात असेल तर तो पॉइंटर नव्हे, हे तिथेच ओळखा.

डोळ्यात काय होतं

साध्या बल्बचा उजेड चहूकडे पसरतो. लेझरचा झोत जवळजवळ समांतर जातो आणि डोळ्याचं भिंग तो आतल्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, अगदी बारीक ठिपक्यात गोळा करतं. बुबुळावर पडलेल्या प्रकाशाची तीव्रता पडद्यावर पोचेपर्यंत सुमारे एक लाख पटीने वाढू शकते. उन्हात भिंग धरून कागद जाळतात, त्यातलाच हा प्रकार.

पडद्याला वेदना कळत नाही. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही. एक चमक दिसते आणि नंतर डाग. म्हणून मुलं घरी सांगत नाहीत आणि मोठी माणसं दोन-तीन दिवस वाट बघतात. जे वाचण्याच्या, चेहरे ओळखण्याच्या कामी येतं ते पडद्याचं मधलं केंद्र जेमतेम काही मिलिमीटरचं असतं. आणि माणूस ठिपक्याच्या उगमाकडे सरळ बघतो तेव्हा झोत नेमका तिथेच पडतो. तिथे भाजलं, रक्तस्राव झाला किंवा छिद्र पडलं तर चष्म्याने ते भरून निघत नाही.

पाव सेकंदाच्या हिशोबावरही फार भिस्त ठेवू नका. सगळ्यांची पापणी वेळेत मिटतेच असं नाही. लहान मूल तर गंमत म्हणून मुद्दाम बघत राहतं, शिवाय पॉइंटर स्वतःच्याच डोळ्याशी धरतं. रात्री अंधारात बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडलेली असते, त्यामुळे तेव्हा जास्त प्रकाश आत जातो.

किती अंतरापर्यंत धोका? दर मीटरला एक मिलिमीटर पसरणारा झोत धरला, तर पाव सेकंदाच्या मर्यादेप्रमाणे १ मिलिवॉटला (तो मर्यादेच्या अगदी काठावर असतो) साधारण ७ मीटर, ५ मिलिवॉटला १६ मीटर, १०० मिलिवॉटला ७० मीटर आणि १ वॉटला सव्वादोनशे मीटर. शक्ती शंभरपट झाली की अंतर दहापट होतं. मुंबईत दोन विंगमधलं अंतर बऱ्याचदा १६ मीटरहून कमी असतं. समोरच्या खिडकीत ‘फक्त पाच मिलिवॉटचा’ मारला म्हणून काही होत नाही, ही समजूत त्यामुळे चुकीची आहे.

रंग फसवतो

प्रकाशाचा रंग त्याच्या तरंगलांबीवर ठरतो आणि ती नॅनोमीटरमध्ये मोजतात. आपल्या डोळ्याला हिरवट-पिवळा, ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश सर्वांत तेज दिसतो. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा आणि ६५० नॅनोमीटरचा लाल सारख्याच शक्तीचे असले तरी हिरवा आठपट तेज वाटतो. दुसऱ्या टोकाला ४०५ नॅनोमीटरचा जांभळा. तो इतका मंद दिसतो की पन्नास मिलिवॉटचा असला तरी ‘हलका आहे’ असं वाटतं आणि पापणी मिटण्याची ऊर्मीही उशिरा येते. त्यात पांढऱ्या शर्टावर किंवा कागदावर पडला की कपड्यातल्या उजळपणाच्या रसायनामुळे तो निळा चमकतो, म्हणून अंदाज आणखी चुकतो. नवख्याने जांभळा घेऊच नये. ४५० नॅनोमीटरचा निळाही नको. हातात धरायचे निळे बहुतेक प्रोजेक्टरसाठी बनवलेल्या डायोडवर, म्हणजे लेझर देणाऱ्या चिपवर, चालतात आणि सहज एक वॉटच्या पुढे जातात.

हिरव्याची अडचण वेगळी आहे. स्वस्त हिरव्या पॉइंटरमध्ये आधी ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाचा, डायोड असतो. तो एका स्फटिकातून १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश काढतो आणि दुसरा स्फटिक त्यातून ५३२ चा हिरवा तयार करतो. उरलेला अवरक्त अडवायला पुढे एक छोटी फिल्टरकाच लागते, आणि पैसे वाचवायला नेमकी तीच गाळली जाते. एनआयएसटीने २०१० मध्ये असा एक नग नोंदवला होता: १० मिलिवॉट लिहिलेला, दिसायला मंद हिरवा, पण त्यातून जवळपास २० मिलिवॉट अवरक्त बाहेर पडत होता. अवरक्त दिसत नाही, म्हणून त्याला पापणी मिटतच नाही. स्फटिक हलले, थंडी वाढली की हिरवा मंद होतो, पण डायोड आपला जोरातच चालतो. म्हणून ‘हिरवा मंद झालाय, मुलांना खेळायला देऊ’ असं कधी करू नका.

हिरवाच हवा असेल तर ५१५ किंवा ५२० नॅनोमीटर लिहिलेला, थेट डायोडचा घ्या. त्यात अवरक्ताची ही भानगडच नसते.

घेताना

आधी खरंच लागतो का ते ठरवा. हल्ली शाळा-कॉलेजांत आणि ऑफिसांत एलईडीचे मोठे पडदे आलेत. त्यांच्यावर लेझरचा ठिपका नीट दिसतच नाही, कारण तो पडदा प्रकाश विखरून परत पाठवत नाही. शिवाय काचेवरून झोत परततो तो वेगळाच. आणि व्हिडिओ कॉलवर जोडलेल्यांना तो अजिबात दिसत नाही. अशा ठिकाणी स्क्रीनवरच ठिपका दाखवणारा डिजिटल पॉइंटर किंवा नुसता माऊसचा कर्सर चांगला. साध्या प्रोजेक्टरच्या पांढऱ्या पडद्यासाठी मात्र लाल, ६५० नॅनोमीटर, वर्ग २, १ मिलिवॉटपर्यंतचा घ्या. लालमध्ये ६३५ चा मिळाला तर आणखी बरं, तेवढ्याच शक्तीत तो जास्त उठून दिसतो.

पाकीट हातात घेऊन उलटसुलट बघा. लेझरचा वर्ग, तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये आणि कमाल शक्ती मिलिवॉटमध्ये, या तीन गोष्टी छापलेल्या हव्यात. आयात वस्तूवर आयातदाराचं नाव-पत्ता, कुठल्या देशात बनली ते आणि एमआरपी असणं वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या पाकीटबंद वस्तू नियमांनुसार सक्तीचं आहे. ज्याच्यावर आयातदाराचं नावच नाही त्याच्यावरच्या मिलिवॉटच्या आकड्याला काय अर्थ? तिथेच परत ठेवा.

पुढच्या खुणा दिसल्या तर कितीही स्वस्त असला तरी नको:

१. ‘५ मिलिवॉटपेक्षा कमी’ असं लेबल आणि जाहिरातीत ‘१००० मिलिवॉट’. दोन्ही आकडे खोटे असू शकतात.
२. आत १८६५० नावाचा जाड रिचार्जेबल सेल आणि मागे कुलपाची छोटी किल्ली. ‘३०३’ छापाचे हिरवे पॉइंटर असेच असतात. एक मिलिवॉटच्या लेझरला एवढा सेल लागतच नाही; दोन बारके पेन्सिल सेल पुरतात.
३. पुढचं भिंग फिरवून झोत एका बिंदूवर आणता येतो. ही सोय जाळण्यासाठी असते, दाखवण्यासाठी नाही.
४. बटण दाबून सोडल्यावरही चालूच राहणारा. पॉइंटरचं बटण बोट उचललं की बंद झालंच पाहिजे.

नक्षीची टोपी सोबत मिळते तिचंही सांगून ठेवतो. ती लावली की झोत शेकडो ठिपक्यांत विभागतो, म्हणून लोकांना निर्धास्त वाटतं. पण मधला मुख्य ठिपका शिल्लकच असतो आणि त्यात शक्तीचा मोठा वाटा राहू शकतो. टोपी लावलेला लेझर लहान मुलाच्या वाढदिवसाला ‘डिस्को लाइट’ म्हणून लावणं म्हणजे खोलीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांशी खेळ.

कीचेनवाला लाल पॉइंटर घेतलात तर आणखी एक धोका आहे, त्यातले बटण सेल. लहान मुलाने ते गिळले तर अन्ननलिका आतून भाजते, आणि हे काही तासांत होतं. सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारं नसेल तर लहान मूल असलेल्या घरात तो पॉइंटर आणूच नका.

आधीपासून घरात असलेल्या हिरव्याची चाचणी

शक्ती मोजायला पॉवर मीटरच लागतो, त्याला पर्याय नाही. पण अवरक्त गळतोय का हे जुनी सीडी, पुठ्ठा आणि मोबाईल यांनी बघता येतं. आधी टीव्हीच्या रिमोटचं टोक मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. स्क्रीनवर टोकाला पांढरट-जांभळा उजेड दिसला तर हा कॅमेरा चालेल. नाही दिसला तर दुसऱ्या कुणाचा मोबाईल घ्या. मागच्या कॅमेऱ्यात बहुधा दिसणार नाही, कारण तिथे अवरक्त अडवणारी काच असते.

साधारण २५ सेंटिमीटर रुंदीचा पांढरा पुठ्ठा उभा करा आणि मधोमध पेन्सिलएवढं भोक पाडा. पुठ्ठ्यामागे पुस्तकांच्या चळतीवर पॉइंटर चिकटपट्टीने पक्का बसवा, म्हणजे झोत भोकातून पुढे जाईल. पुढे बरोबर दहा सेंटिमीटरवर सीडीची चकचकीत बाजू पुठ्ठ्याला समांतर उभी करा. झोत तिच्या मधल्या भोकापासून दूर पडला पाहिजे. डीव्हीडी नको, तिच्या रेघा जास्त दाट असतात आणि खालची मापं चुकतात. खोलीत दुसरं कुणी नको. स्टीलची भांडी, आरसे, फ्रेम बाजूला करा. डोळे झोताच्या पातळीच्या बरेच वर ठेवा. चालू करा ते दोन-तीन सेकंदच, आणि फक्त पुठ्ठ्याकडे बघा, सीडीकडे नाही. पुठ्ठ्यावरचा ठिपका डोळ्याला टोचला तर चाचणी तिथेच थांबवा. तो नग वापरायचा नाही हे उत्तर तुम्हाला मिळालेलं आहे.

भोकाच्या दोन्ही बाजूंना साधारण साडेतीन सेंटिमीटरवर हिरवा ठिपका पडेल आणि नऊ सेंटिमीटरच्या जरा अलीकडे दुसरा, फिका. आता याचा फोटो त्या पुढच्या कॅमेऱ्याने काढा. नुसत्या डोळ्याला जिथे काहीच नाही तिथे, सुमारे ५.८ सेंटिमीटरवर, फोटोत ठिपका आला तर तो ८०८ चा अवरक्त. १०६४ चा ठिपका मात्र वेगळा सापडत नाही, कारण तो हिरव्याच्या दुसऱ्या ठिपक्यावर नेमका चढतो. म्हणून या चाचणीत ठिपका दिसला तर पॉइंटर निकालात काढायचा, पण दिसला नाही म्हणून तो सुरक्षित ठरत नाही.

वापरताना

झोत कमरेच्या खाली किंवा डोक्याच्या बराच वर ठेवा, बसलेल्या-उभ्या माणसांच्या डोळ्यांच्या पातळीवर कधीच नाही. आधी दिशा धरा, मग बटण दाबा, आणि दाखवून झालं की बोट उचला. श्रोत्यांकडे वळताना पॉइंटर बंद हवा. बोलता बोलता हात फिरतो आणि झोत पहिल्या रांगेवरून जातो, हा सर्वांत नेहमीचा अपघात.

परावर्तनाकडे लोक दुर्लक्ष करतात. खिडकीच्या साध्या काचेवरून सुमारे आठ टक्के प्रकाश परत येतो. १ मिलिवॉटच्या बाबतीत तो नगण्य असतो, पण १०० मिलिवॉटचा झोत काचेवर मारला तर ८ मिलिवॉट उलटून येतात, म्हणजे पुन्हा ३बी वर्गच. स्टीलचा डबा, आरसा, घड्याळाची काच, मोबाईलची स्क्रीन, गाड्यांचे आरसे यांच्यावरून तर याहून बरंच जास्त परततं. समोरचा कॅमेऱ्याने फोटो काढत असेल तर त्याच्याकडेही झोत नको, सेन्सरवर कायमची रेघ उमटते.

मांजरीशी खेळताना ठिपका जमिनीवरच फिरवा, पायऱ्यांवर किंवा खिडकीच्या कठड्याकडे नाही. तिच्या तोंडावर अजिबात नाही.

आकाशदर्शनाला मुंबईबाहेर वांगणी-नेरळकडे जाणाऱ्या गटांसाठी: संपूर्ण गटात एकच पॉइंटर, तोही एका अनुभवी माणसाच्या हातात. चालू करण्याआधी चहूकडे आकाश बघून घ्यावं. विमानाचे दिवे कुठेही दिसले किंवा आवाज आला तर बटणाला हात लावायचा नाही. तारा दाखवायला दोन-तीन सेकंद पुरतात; झोत आकाशात फिरवत गोष्ट सांगायची सवय मोडा. दुर्बिणीला डोळा लावून कुणी बसलं असेल तर त्याच्या बाजूला झोत जाता कामा नये, कारण दुर्बीण जास्त प्रकाश गोळा करून डोळ्यात घालते. मुंबईच्या आत, गच्चीवरून, तारे दाखवायला लेझर वापरूच नका. का, ते पुढे.

विमानं, हेलिकॉप्टर, लोकल

वैमानिकाच्या डोळ्याला थेट इजा होण्याआधी खूप दूरवर त्याला दिसेनासं होतं. ५ मिलिवॉटच्या हिरव्याने साधारण ८० मीटरपर्यंत डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते, साडेतीनशे मीटरपर्यंत समोरचं झाकून टाकणारी चकाकी होते आणि साडेतीन किलोमीटरपर्यंत लक्ष विचलित होतं. कॉकपिटच्या काचेवरच्या बारीक ओरखड्यांवर झोत पसरतो आणि सगळी काच उजळते. घाटकोपरवरून उतरणारं विमान धावपट्टीपासून तीनेक किलोमीटरवर असतं तेव्हा ते जमिनीपासून दीड-दोनशे मीटरच वर असतं. तिथल्या उंच टॉवरच्या गच्चीवरून ते अंतर आणखी कमी. शेवटच्या त्या मिनिटभरात वैमानिकाला दिसणं अवघड करणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

विमान नियम १९३७ मधला ६६ वा नियम फसव्या दिव्यांबद्दल आहे. ऑक्टोबर २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्यात ‘दिवा’ या शब्दात लेझरचा स्पष्ट उल्लेख आला आणि विमानतळाभोवतीचं क्षेत्र ५ किलोमीटरवरून ५ सागरी मैलांवर, म्हणजे सव्वानऊ किलोमीटरवर गेलं. झोत कुठून येतो ते कळलं नाही किंवा जागा बदलत राहिली, तर विमानतळ चालकाने आणि विमान कंपनीने लगेच स्थानिक पोलिसांना कळवायचं आहे. छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाभोवती हे वर्तुळ काढलं तर पश्चिमेला वांद्र्यापासून गोरेगावपर्यंत, पूर्वेला चेंबूर, घाटकोपर, विक्रोळी, पवई आणि दक्षिणेला दादरपर्यंतचा भाग आत येतो. त्यात जुहूचं विमानतळ, कुलाब्याचा नौदलाचा हेलिकॉप्टर तळ आणि आता नवी मुंबई विमानतळ मिळवा. शहरात ‘इथून चालतं’ म्हणावी अशी गच्ची उरत नाही.

याशिवाय मुंबई पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढतात. विमानतळांच्या परिसरात पतंग, फुगे, पॅराग्लायडर, उंच जाणारे फटाके आणि लेझर यांना त्यात बंदी असते. पूर्वी हे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. एक आदेश दोन महिन्यांपर्यंत चालतो आणि मग नव्याने काढला जातो, म्हणून ‘मागच्या वर्षी बंदी होती’ या माहितीवर चालू नका. आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२३: सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड, जिवाला धोका झाला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आदेश लागू नसला तरी न्याय संहितेचं कलम १२५ असतंच. बेदरकारपणे इतरांचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात आणली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, दुखापत झाली तर सहा महिने, गंभीर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत. एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणं हे कायद्याच्या व्याख्येत गंभीर दुखापतच आहे. मुद्दाम केलं असं ठरलं तर कलम ११७ लागतं आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते.

रुळांलगतच्या चाळी-बिल्डिंगमधून लोकलच्या मोटरमनवर झोत मारणाऱ्यांसाठी रेल्वे कायदा १९८९ आहे. प्रवाशांची सुरक्षितता निष्काळजीपणे धोक्यात आणली तर कलम १५४, एक वर्षापर्यंत कैद. जाणूनबुजून केलं तर कलम १५३, पाच वर्षांपर्यंत.

परदेशी जाताना पॉइंटर बॅगेत टाकू नका. ऑस्ट्रेलियात १ मिलिवॉटच्या वरचा पॉइंटर परवान्याशिवाय नेता येत नाही. ब्रिटनमध्ये २०१८ च्या कायद्याने वाहनावर किंवा विमानावर झोत मारल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मिरवणुकांतले लेझर

हे हातातले नसतात, पण गणपती-दहीहंडीला प्रश्न याच डोळ्यांचा असतो. मिरवणुकीतल्या लेझरमुळे डोळ्यांना इजा झाल्याच्या तक्रारी २०२३ मध्ये राज्यात ठिकठिकाणाहून आल्या, आणि पुणे पोलिसांनी २०२४ च्या गणेशोत्सवात लेझरवर बंदी घातली. मंडळाचे कार्यकर्ते असाल तर ठेकेदाराला साधी एलईडी रोषणाईच सांगा. गर्दीत उभे असाल तर झोताच्या उगमाकडे बघू नका, कडेवरच्या मुलाचं तोंड दुसरीकडे वळवा, आणि मोबाईल त्या दिशेने धरू नका.

डोळ्यात गेला तर

डोळे चोळू नका. घरातले कुठलेही थेंब घालू नका. दहा-पंधरा मिनिटं साध्या उजेडात शांत बसा. कॅमेऱ्याच्या फ्लॅशनंतर दिसतो तसा डाग काही मिनिटांत विरून गेला तर बहुधा तेवढ्यावर निभावलं.

मग चौकटीची गणिताची वही घ्या. एका पानाच्या मधोमध पेनाने ठळक ठिपका काढा. जवळचा चष्मा असेल तर लावा, वही ३० सेंटिमीटरवर धरा, एक डोळा तळहाताने झाका आणि उघड्या डोळ्याने ठिपक्याकडेच बघा. कडेच्या रेघा वाकड्या दिसतात का, कुठे चौकट गायब आहे का, मध्ये करडा डाग आहे का? दुसऱ्या डोळ्यानेही तेच करा. दोन्ही डोळे उघडे ठेवून ही तपासणी करू नका, कारण चांगला डोळा बिघडलेल्याची उणीव भरून काढतो आणि काहीच कळत नाही.

रेघ वाकडी दिसली, डाग गेला नाही, समोर लालसर धुरकट वाटलं किंवा काळे ठिपके तरंगू लागले, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. केईएम, सायन, नायर, कूपर, जे. जे. अशा मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत. तिथे बाहुली मोठी करून पडदा बघतील आणि ओसीटी स्कॅन करतील, त्यात पडद्याचे थर दिसतात. बाहुली मोठी केल्यावर काही तास जवळचं दिसत नाही, म्हणून सोबत कुणाला तरी न्या आणि स्वतः गाडी चालवू नका. पॉइंटर, त्याचं पाकीट, किती अंतरावरून आणि साधारण किती वेळ झोत पडला, हे सांगता आलं तर डॉक्टरांचं काम सोपं होतं. लहान मुलाला रागावू नका. रागावलात तर किती वेळ बघितलं हे ते खरं सांगणार नाही.

तक्रार कुठे

कुणी विमानावर, गाड्यांवर किंवा खिडक्यांवर झोत मारताना दिसलं तर ११२ वर कळवा, रेल्वेच्या बाबतीत १३९ वर. वेळ, रंग, बिल्डिंगचं नाव, विंग, अंदाजे मजला, आणि झोत कुठल्या दिशेला होता हे सांगा. व्हिडिओ काढायला झोतासमोर उभे राहू नका. बाजूने काढलेला, बिल्डिंग ओळखू येईल असा काही सेकंदांचा व्हिडिओ पुरेसा आहे. खोटं लेबल लावून विकलेल्या पॉइंटरसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. बिल, पाकीट आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

नको असलेला पॉइंटर

जास्त शक्तीचा निघाला म्हणून भंगारवाल्याला देऊ नका, ओएलएक्सवर विकू नका, मुलांच्या खेळण्यांत टाकू नका. तो चालू अवस्थेत दुसऱ्या कुणाच्या हाती जातो. आधी सेल काढा. लिथियम सेलच्या दोन्ही टोकांना इन्सुलेशन टेप लावा, नाहीतर डब्यात किल्ल्या-नाण्यांना चिकटून शॉर्ट होतो आणि पेटतो. मग पुढच्या तोंडाला काळ्या टेपचे दोन-तीन थर गुंडाळा आणि बटण पक्कडीने मोडा. सेल आणि पॉइंटर दोन वेगळ्या पाकिटांत घालून ई-कचरा संकलनात द्या. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यात यातलं काहीही जाता कामा नये.